पशुपतीच्या अंगणात

पूजा, अभिषेक, भक्तनिवास व महाप्रसाद यांची माहिती या पुस्तिकेत अन्यत्र दिलेली आहे. या पानांत एका निराळ्या विषयाचे चिंतन मांडावयाचे आहे. प्रथमदर्शनी तो विषय भक्तीशी संबंधित वाटणार नाही. परंतु गाभाऱ्यातून बाहेर येऊन नंदीच्या पुढे दहा पावले गेले की तो आपल्या डोळ्यांसमोरच उभा असतो. मंदिराभोवतीची ही राई, तिच्या पोटातला झरा, फांद्यांवरची वानरे व पाखरे, दगडांखालचे सर्प हे सारे कोणाचे, आणि यात्रेकरू म्हणून आपले त्यांच्याशी नाते काय, हा तो विषय होय.

महादेवाच्या अनेक नावांपैकी 'पशुपती' हे फार प्राचीन नाव आहे. शैव दर्शनात 'पशू' या शब्दाचा अर्थ केवळ चतुष्पाद प्राणी असा नाही. पाशाने बांधलेला प्रत्येक जीव हा पशू, आणि त्या सर्वांचा एकच पती, एकच धनी. म्हणजे या नावाने हाक मारताना आपण स्वतःलाही त्या खिल्लारात उभे करतो. रांगेत आपल्या पुढे उभा असलेला भाविक जसा श्रींचा, तसाच कळसावर बसलेला कावळा श्रींचा आणि राईतून रात्री पाणी पिण्यास येणारे भेकरही श्रींचेच. शिवाचा संसार पाहावा. गळ्यात नाग; ज्येष्ठ पुत्राचे वाहन नागाचा वैरी मोर; धाकट्याचे वाहन नागाचे भक्ष्य असलेला उंदीर; गृहिणीचा सिंह आणि दारात बैल. एकमेकांचे भक्ष्य असलेले हे जीव एका घरात नांदतात, कारण तेथे प्रत्येकाला आपली जागा आहे व कोणी कोणाची जागा घेत नाही.

आपल्या पूर्वजांनी हे तत्त्व केवळ चित्रात ठेवले नाही, तर जमिनीवर उतरविले. सह्याद्रीच्या दोन्ही अंगांना गावोगाव देवाच्या नावाने रान राखण्याची परंपरा आहे. मावळात व घाटमाथ्यावर त्याला देवराई म्हणतात, रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडे देवरहाटी हा शब्द कानी पडतो. इ. स. १९७० नंतरच्या दशकात माधव गाडगीळ व वा. द. वर्तक या अभ्यासकांनी सह्याद्रीत हिंडून अशा देवरायांची शास्त्रीय नोंद केली, तेव्हा सुशिक्षित जगाचे लक्ष तिकडे गेले. गावकऱ्यांना मात्र त्यात नवे काही नव्हते. राईतली काडीसुद्धा उचलायची नाही, हा नियम त्यांनी आजोबा-पणजोबांकडून ऐकलेला होता. कित्येक ठिकाणी वहाणा काढल्याशिवाय राईत पाऊल टाकत नसत. एखादे झाड खरोखर लागलेच तर देवाला कौल लावून, देवाने अनुज्ञा दिली तरच कुऱ्हाड चाले. आणि देव बहुधा अनुज्ञा देत नसे.

या नियमातील 'वाळलेली काडीसुद्धा नाही' हा भाग विचार करण्यासारखा आहे. वाळक्या लाकडाचा कोणाला काय उपयोग, असे शहरातून आलेल्या माणसाला वाटते. पण धनेश नावाचा मोठ्या चोचीचा पक्षी, ज्याला कोकणात ककणेर म्हणतात, तो जुन्या वृक्षाच्या ढोलीतच घरटे करतो. अंडी घालण्याच्या वेळी मादी ढोलीत शिरते, आतून तिचे तोंड लिंपून घेते व केवळ चोच बाहेर येईल एवढी फट ठेवते. पुढे कित्येक आठवडे नर वड, उंबर, पिंपळाची फळे आणून त्या फटीतून तिला व पिलांना भरवितो. ढोली जुन्या वृक्षालाच पडते. लागवडीच्या कोवळ्या झाडाला पडत नाही. शंभर वर्षांचा बेहडा तोडून त्याच्या जागी शंभर रोपे लावली, तरी त्या पक्षिणीला त्या वर्षी घर मिळत नाही. आपले आजोबा शास्त्र शिकलेले नव्हते, पण 'देवाचे ते देवाकडे राहू द्यावे' एवढे त्यांना कळत होते, आणि तेवढ्याने धनेशाचे घर वाचले.

येथेच या चिंतनाचा मुख्य मुद्दा सांगून टाकतो. वन्य जीवांची सेवा म्हटली की आपल्या मनात प्रथम काहीतरी देण्याची कल्पना येते. देण्याने आपल्याला समाधान मिळते, ते दिसते, त्याचे छायाचित्रही निघते. परंतु रानातल्या जीवाला आपल्याकडून बहुतेक वेळा काही नको असते. त्याचे घर त्याला राहावे, त्याच्या अंगावरचे त्याच्या अंगावर राहावे, आणि आपल्या शिदोरीची सवय त्याला लागू नये, एवढीच त्याची गरज असते. न घेणे आणि न देणे, ही ती सेवा. ती दिसत नाही, म्हणून अवघड वाटते.

यावर एक आक्षेप हटकून येतो, आणि तो नाथांच्या नावाने येतो. पैठणचे एकनाथ महाराज काशीहून गंगोदकाची कावड घेऊन रामेश्वराकडे निघाले असता वाटेत तापलेल्या वाळूत एक गाढव तहानेने तडफडताना त्यांना दिसले. रामेश्वराच्या अभिषेकासाठी शेकडो कोस वाहून आणलेले पाणी नाथांनी त्या गाढवाच्या मुखी घातले, आणि आपला अभिषेक येथेच पावला असे मानले. ही कथा महाराष्ट्रातील लहान मुलालाही ठाऊक आहे. मग आम्ही वानरांना केळी आणि बिस्किटे दिली तर काय बिघडले, असे भाविक विचारतात. पुष्कळदा ते रागावूनही विचारतात.

नाथांनी काय केले ते नीट पाहावे. गाढव हा माणसाने पाळलेला, माणसासाठी ओझी वाहणारा प्राणी. त्याला वाळवंटात आणले ते माणसानेच. ते मरणाच्या दारी होते, आणि नाथांनी त्याला पाणी दिले. म्हणजे त्या क्षणी त्याला जे हवे होते तेच दिले. आपल्याला जे द्यावेसे वाटले ते दिले नाही. दयेची पारख येथे आहे. समोरच्या जीवाची गरज पाहून दिलेले ते दान, आणि आपली हौस पाहून दिलेले ते केवळ कौतुक.

आता आपल्या पायऱ्यांवरची वानरे पाहू. काळ्या तोंडाचे, लांब शेपटीचे जे वानर ते मुख्यतः पाल्यावर जगते. गाईगुरांप्रमाणे त्याच्या पोटाचे निरनिराळे कप्पे असतात व त्यांत सूक्ष्म जीवांच्या साहाय्याने पाला आंबून पचतो. मैदा, साखर, तळलेले फरसाण यांसाठी ते पोट घडलेले नाही. लाल तोंडाचे माकड अधिक चतुर व सर्वभक्षी; पण त्याचीही गोष्ट वेगळी नाही. एकदा 'पिशवी म्हणजे अन्न' हे त्याच्या ध्यानी आले की ते जंगलात फळे शोधीत हिंडणे सोडते आणि घाटरस्त्याच्या कठड्यावर येऊन बसते. तेथे वाहनाखाली सापडते. भाविकाच्या हातातून प्रसादाची पिशवी हिसकावते, आणि प्लॅस्टिकसकट चावून खाते. कधी एखाद्या लेकराला चावते. मग हेच भाविक कार्यालयात येऊन माकडांचा बंदोबस्त करा म्हणून तक्रार नोंदवितात. आधी हनुमंताचे रूप म्हणून केळे द्यावयाचे, आणि त्याने दुसरे मागितले की काठी शोधावयाची, हा कोणता न्याय?

उघड्यावर टाकलेल्या उष्ट्या अन्नाचे चक्र तर आणखी दूर जाते. त्यावर भटकी कुत्री पोसली जातात. ती रात्री राईत शिरून भेकरांच्या व सशांच्या मागे लागतात. आणि कुत्र्यांच्या मागावर बिबट्या वस्तीजवळ येतो. पत्रावळीत उरलेल्या दोन पुऱ्यांचा आणि बिबट्याच्या भीतीने दार लावून बसलेल्या गावाचा संबंध असा आहे. म्हणून पानात हवे तेवढेच वाढून घ्यावे, आणि उरलेले झाकणाच्या पिंपातच टाकावे.

पुण्यप्राप्तीसाठी पिंजऱ्यातील पाखरे विकत घेऊन सोडण्याची एक प्रथा काही तीर्थांवर दिसते. सोडणाऱ्याचा भाव निर्मळ असतो यात शंका नाही. परंतु ती पाखरे पारध्याने सोडण्यासाठीच पकडलेली असतात. जितके पैसे आपण पुण्यासाठी मोजतो, तितकी पाखरे पुढच्या आठवड्यात पुन्हा जाळ्यात येतात. आणि पकडताना, कोंबून आणताना जी मरतात, त्यांची मोजदाद कोणी ठेवीत नाही. आपल्या देशातील रानपक्ष्यांच्या व्यापारावर १९९०-९१ पासून बंदी आहे. घरी पिंजऱ्यात राघू ठेवणेही त्याच कायद्याच्या आड येते, हे अनेक सुशील कुटुंबांना माहीत नसते.

याच प्रकारातले दुसरे उदाहरण कासवाचे. शहरातील दुकानांतून डोळ्यामागे लाल पट्टा असलेले लहानसे परदेशी कासव शुभ म्हणून विकले जाते. रुपयाएवढे असते तोवर मुले त्याच्याशी खेळतात. ते ताटलीएवढे झाले की घरात अडचण होऊ लागते, आणि मग एखाद्या पर्वणीला ते देवाच्या कुंडात आणून सोडले जाते. हे कासव मूळचे अमेरिका खंडातले. ते दीर्घायुषी व खादाड असते आणि आपल्याकडील कासवांच्या वाट्याचे अन्न व बसण्याच्या जागा बळकावते. सभामंडपात श्रींसमोर जे दगडी कासव आहे त्याला नमस्कार करून बाहेर यावे आणि कुंडातल्या त्याच्या खऱ्या वंशजांवर परका शेजारी लादावा, हे शोभत नाही. कृपया कुंडात काहीही सोडू नये: कासव नाही, मासे नाहीत, माशांसाठी कणकेचे गोळेही नाहीत. जास्तीची कणीक तळाशी कुजते व पाण्यातील प्राणवायू संपवते.

देण्याविषयी इतके पुरे. घेण्याविषयी बोलणे अधिक कठीण आहे, कारण येथे धर्माच्या नावाने बाजार उभा राहिला आहे.

देशातील अनेक तीर्थक्षेत्रांच्या बाहेर, आणि अलीकडे घरबसल्या टपालानेही, 'हत्था जोडी' नावाची वस्तू विकली जाते. जोडलेल्या दोन हातांसारखी दिसणारी ही एक दुर्मीळ मुळी आहे, ती शेंदरात व लवंगांत ठेवली की घरात लक्ष्मी नांदते, असे विक्रेता सांगतो. २०१७ मध्ये अभ्यासकांनी या वस्तूचा छडा लावला, तेव्हा ती मुळी नव्हतीच. ते नर घोरपडीचे वाळविलेले जननेंद्रिय होते. काही नमुने तर साच्यात ओतलेल्या प्लॅस्टिकचे निघाले. त्यातल्या त्यात ते घेणारे भाविक कमी पापाचे धनी, असेच म्हणावे लागेल. ज्या घोरपडीला महाराष्ट्र सिंहगडाच्या कड्याच्या आख्यायिकेमुळे इतक्या प्रेमाने ओळखतो, तिला मारून तिचे इंद्रिय देव्हाऱ्यात ठेवावयाचे, आणि तेही पवित्र मुळी समजून! 'सियारसिंगी' म्हणजे कोल्ह्याचे शिंग म्हणून विकतात. कोल्ह्याला शिंग नसते, हे शाळेतला मुलगाही सांगेल. ते कातड्याचा केसाळ तुकडा असतो. 'इंद्रजाल' ही भिंतीवर लावण्याची जादूची वनस्पती नव्हे, तर समुद्रतळावर वाढणारा पोवळ्यांच्या जातीचा जीव आहे, आणि तोही संरक्षित आहे. वाघनखाची पेटी गळ्यात घालणारे, व्याघ्रांबराचा दाखला देऊन आजोबांचे कातडे अभिमानाने दाखविणारे सद्गृहस्थही भेटतात. शिवाने व्याघ्रचर्म पांघरले ते त्याचे तो जाणे. आपण पशुपती नाही.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतील प्राण्यांच्या बाबतीत गुन्हा सिद्ध झाल्यास तीन ते सात वर्षांच्या कारावासाची तरतूद आहे, आणि विकत घेऊन जवळ बाळगणाराही त्यातून सुटत नाही. हे सांगतो ते भीती घालण्यासाठी नव्हे. कायदा नसता तरीही, ज्याच्या प्राप्तीसाठी एक जीव मारावा लागला ती वस्तू श्रींना अर्पण कशी होईल, हा प्रश्न उरतोच. मोरपिसांविषयी अनेकजण विचारतात. आपोआप गळून पडलेल्या पिसांना कायद्याने देशांतर्गत सूट दिलेली आहे. पण बाजारात जुड्याच्या जुड्या दिसतात, त्या सर्व वेचलेल्या आहेत असे खात्रीने कोण सांगेल? देव्हाऱ्यात पीस ठेवण्याची इच्छा असेल, तर गावाकडील शेतात स्वतः वेचलेले एक पीस पुरेसे आहे.

नागपंचमीविषयी थोडेसे. नाग दूध पीत नाही. ते त्याचे अन्न नव्हे. टोपलीतला नाग दुधाला तोंड लावतो तो कित्येक दिवस पाण्यावाचून ठेवलेला असतो म्हणून, आणि ते दूध त्याला बाधते. पुष्कळदा त्याचे विषदंत तोडलेले असतात. आपल्या आया-आजींनी पाटावर गंधाने नाग रेखाटून किंवा मातीचा नाग करून पूजा केली, वारुळाला लांबूनच हात जोडले. ती पूजा पूर्ण होती.

आता एक विषय असा, की तो वरवर पाहता श्रद्धेशी दूरान्वयानेही जोडता येणार नाही; पण माझ्या मते भाविकांना, विशेषतः शेतकरी व गोशाळांचे आश्रयदाते असलेल्या भाविकांना, वन्यजीवांसाठी करता येण्यासारखे याहून मोठे काम क्वचितच असेल. रामायणात सीतामाईसाठी प्राण वेचणारा जटायू आपल्या सर्वांच्या परिचयाचा आहे. नाशिक जिल्ह्यात इगतपुरीजवळ सर्वतीर्थ टाकेद येथे तो पडला अशी श्रद्धा असून तेथे भाविक दर्शनाला जातात. जटायू म्हणजे गिधाड. आपल्या लहानपणी गावाबाहेर मेलेले जनावर टाकले की तासाभरात आकाश गिधाडांनी भरून जाई. नवी पिढी त्यांना चित्रातच पाहते. १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची आपल्या देशातील संख्या ९९ टक्क्यांहून अधिक घटली. साथ आली नव्हती, कोणी शिकार केली नव्हती. गाईबैलांच्या वेदना कमी व्हाव्यात म्हणून दिले जाणारे 'डायक्लोफिनॅक' हे औषध त्याला कारण होते. ते औषध दिलेले जनावर लवकरच मेले आणि गिधाडांनी खाल्ले, की त्यांची मूत्रपिंडे निकामी होऊन ती काही दिवसांत मरत. आपण गोमातेवर दया केली, आणि त्या दयेने जटायूचा वंश बुडत आला.

२००६ मध्ये या औषधाचा जनावरांसाठी वापर बंद करण्यात आला. परंतु माणसांसाठी ते मिळतच राहिले आणि माणसांच्या बाटल्या गोठ्यात जात राहिल्या, म्हणून २०१५ मध्ये मोठ्या बाटल्यांवरही बंदी आली. केटोप्रोफेन व असिक्लोफिनॅक ही त्याच घातक जातीची औषधे २०२३ मध्ये जनावरांसाठी निषिद्ध झाली, आणि त्यानंतर निमेसुलाइडही. मेलॉक्सिकॅम नावाचे औषध गाईचे दुखणेही थांबवते व गिधाडांना अपायही करीत नाही. आपल्या गोठ्यात डॉक्टर इंजेक्शन भरीत असताना 'साहेब, हे मेलॉक्सिकॅमच ना?' एवढे विचारावे. गोशाळेला देणगी देताना तेथील व्यवस्थापकांनाही हाच प्रश्न विचारावा. या एका प्रश्नाला पैसा लागत नाही, प्रवास लागत नाही. ज्या अंजनेरीच्या डोंगराला आपण हनुमंताचे जन्मस्थान मानतो, त्याच्या कड्यांवर आजही गिधाडांची घरटी आहेत. त्याच डोंगरावर 'सेरोपेजिया अंजनेरिका' नावाची, कंदिलासारखे फूल येणारी एक चिमुकली वनस्पती आहे. २००६ मध्ये शास्त्रज्ञांनी तिची प्रथम नोंद केली आणि तिला त्या डोंगराचेच नाव दिले. पुढे २०१७ मध्ये या परिसराला संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा मिळाला. पर्वताचे दर्शन घेताना पावलाखाली काय आहे, हेही पाहावे, एवढ्यासाठी हे सांगितले.

आश्रयदात्यांशी आता दोन शब्द मोकळेपणाने बोलावयाचे आहेत. आपल्या औदार्यावर देवस्थानाचा संसार चालतो, याची आम्हांस पूर्ण जाणीव आहे. परंतु कार्यालयात बसून अनेक वर्षे देणग्यांच्या पावत्या करताना एक गोष्ट ध्यानी आली. बहुतेक दाते काहीतरी बांधू इच्छितात. फरशी, कमान, सभागृह, झाडाभोवती सिमेंटचा पार, राईत प्रखर दिवे. नावाची पाटी लागेल असे काहीतरी. यात वाईट हेतू कोणाचाच नसतो. तरी वस्तुस्थिती अशी आहे की, कोकणात आणि घाटमाथ्यावर कित्येक देवराया परक्यांनी नव्हे, तर जीर्णोद्धारानेच संपविल्या. देवळाला स्लॅब टाकावयाचा म्हणून देवाचीच झाडे विकली गेली. पूर्वी देव राईत राहत असे. आता देव मोठ्या देवळात राहतो आणि बाहेर ऊन असते.

झाडाच्या मुळांना हवा व पाणी लागते. बुंध्यापर्यंत फरशी आणली की पावसाचे पाणी मुरत नाही, वाहून जाते; काही वर्षांत झाड शेंड्याकडून वाळू लागते, आणि खालचा झरा उन्हाळ्यात लवकर आटतो. ज्या झऱ्याच्या पाण्याने श्रींना स्नान घालतो, तो झरा ही राईचीच देणगी आहे. दिव्यांचेही तसेच. ज्येष्ठाच्या तोंडावर राईत काजवे लखलखतात, तो त्यांचा परस्परांना शोधण्याचा संकेत असतो. प्रखर दिव्यात आणि मोटारींच्या झोतात तो संकेत हरवतो, व ते वर्ष त्यांचे वाया जाते.

भीमाशंकराचे उदाहरण येथे बोलके आहे. बारा ज्योतिर्लिंगांपैकी ते एक, आणि १९८५ पासून त्याच्या भोवतीचे रान अभयारण्य आहे. आपला राज्यप्राणी शेकरू तेथे राहतो. ही तांबूस, झुपकेदार शेपटीची मोठी खार जमिनीवर क्वचितच उतरते. एका झाडावरून दुसऱ्यावर वीस-वीस फूट झेप घेत ती आयुष्य घालवते. तिच्या दृष्टीने फांदीला फांदी भिडलेली असणे हाच रस्ता. माणसाचा रस्ता रुंद झाला की तिचा तुटतो. म्हणून कोणत्याही डोंगरी क्षेत्री 'वाहन थेट दारापर्यंत यावे' अशी मागणी करण्यापूर्वी भाविकांनी हे आठवावे. अखेरचा अर्धा कोस चालण्यात यात्रेचे पुण्य उणे होत नाही. आणि रात्रीच्या घाटात वाहन सावकाश हाकावे. पहिल्या पावसात बेडूक, साप, उदमांजरे रस्ता ओलांडीत असतात.

मग दात्यांनी द्यावे तरी कशासाठी? अन्नछत्रातील चुली लाकडाऐवजी गॅसवर चालाव्यात यासाठी द्यावे. उन्हाळ्यात वणवा राईत शिरू नये म्हणून दरवर्षी जाळरेषा काढावी लागते, राखणदार नेमावे लागतात. त्यांच्या मजुरीसाठी द्यावे. पत्रावळी व प्लॅस्टिकच्या पेल्यांऐवजी स्टीलची ताटे-भांडी व ती धुणाऱ्यांचे वेतन, हीही देणगीच. याची पाटी लागत नाही, हे खरे. वृक्षारोपणासाठी देणगी देण्याची इच्छा असल्यास गुलमोहर, निलगिरी, गिरिपुष्प यांचा आग्रह धरू नये. वड, उंबर, पिंपळ, जांभूळ, हिरडा, बेहडा, करंज ही आपल्या मातीची झाडे. उंबराला फळे धरली की किती पाखरे जेवतात ते पाहावे. दसऱ्याला सोने म्हणून आपट्याच्या फांद्या ओरबाडल्या जातात, आणि आपटा न मिळाल्यास कांचनाच्या. त्याऐवजी एखाद्या विजयादशमीला आपल्या शेताच्या बांधावर आपट्याचे एक रोप लावून पाहावे आणि पुढे त्याचे एकच पान देवापुढे ठेवावे.

घरगुती आचाराविषयी फार लिहीत नाही. हार-फुले कागदात किंवा कापडी पिशवीत आणावीत. प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर राज्यात २०१८ पासून बंदी आहे व ती देवाच्या दारातही लागू होते. निर्माल्य झऱ्यात किंवा दरीत न टाकता पायरीजवळच्या निर्माल्यकलशात ठेवावे; त्याचे खत होते. राईत कापूर, उदबत्ती, विडी पेटवू नये. दिव्याचा मान गाभाऱ्यात आहे.

एक प्रसंग सांगून थांबतो. म्हाइंभटांच्या लीळाचरित्रात श्रीचक्रधर स्वामींची एक लीळा आहे. शिकाऱ्यांनी व त्यांच्या कुत्र्यांनी पिटाळलेला एक ससा धावत आला आणि झाडाखाली बसलेल्या स्वामींच्या मांडीखाली दडला. मागोमाग शिकारी आले व आपली शिकार मागू लागले. स्वामींनी तो दिला नाही. शरण आलेल्याला देता येत नाही, असे सांगून ते शांतपणे त्यांच्याशी बोलत राहिले. त्यांच्या बोलण्याने शिकाऱ्यांचे मन पालटले, आणि ते निघून गेल्यावर स्वामींनी सशाला रानात जाऊ दिले. स्वामींनी त्याला पाळले नाही, त्याला खाऊ घातला नाही. मागणाऱ्याला नाही म्हटले, आणि मग वाट मोकळी करून दिली.

असा नकार देण्याची वेळ यात्रेकरूंवर क्वचित येते, पण येते. टोपलीत घोरपड किंवा मांडूळ घेऊन बसलेला विक्रेता, राईत लागलेला फास, जाळ्यात अडकलेले मोर, घाटात जखमी पडलेले जनावर असे काही दिसल्यास स्वतः हात घालू नये व वादही घालू नये. वनविभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर किंवा आमच्या कार्यालयात तत्काळ कळवावे. ठिकाण, वेळ आणि वाहन असल्यास त्याचा क्रमांक सांगावा. आपले नाव उघड होऊ नये अशी इच्छा असल्यास तसे सांगण्यास संकोच करू नये.

— सचिव, देवस्थान विश्वस्त कार्यालय